आठवा पराभव

प्रिय जनरल,

एका पराभवाला खरा खर्च किती येतो, हे घरी बसून टीव्ही बघणाऱ्याला सांगून पटायचं नाही. लाल रंगाची दोन पिंपं. धुरासाठी ओला पालापाचोळा, गाडीभर. फाटलेल्या विजारी, त्यांची मोजदाद तुझ्याकडे. दूधवाल्याचा एक गुडघा. पाववाल्याच्या घोड्याला लाच म्हणून गाजरं, आणि त्या गाजरांवर डोळा ठेवून असलेल्या पायदळालाही त्यातली थोडी. हे सगळं मी सात पराभवांत हसतमुखाने सोसलं. आठव्यात मात्र एक शिंपी गमावला, आणि ते नुकसान काही केल्या भरून निघेना.

समोरासमोर दुकानं असताना पत्र कसलं लिहितोय म्हणून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. दुकानात आलो तर मला बघताच तोंडात टाचण्या भरतोस आणि मशीन असं पळवतोस, जणू उद्याच्या उद्या अख्ख्या गावाला नवे कपडे हवेत. तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, समजूतही काढता येत नाही. न जाणो, बोलायला गेला आणि गिळल्या तर वहिनी मलाच धरतील. परवा तर तुझ्या सुईखाली कापडच नव्हतं. मी दारात उभा होतो तोवर तू रिकामी मशीन चालवत होतास. बघून नाही, ऐकून सांगतोय. सुई कापडात शिरते तो आवाज वेगळा आणि नुसती वरखाली होते तो वेगळा. माझे कान तुला नवे नाहीत. खुर्च्या भाड्याने देत होतो तेव्हा समारंभ संपताना खुर्च्या कशा सरकतात यावरून मी भिंतीपलीकडून सांगायचो, की यजमान आज हिशेब मिटवणार की 'उद्या या' म्हणणार. या धंद्यातली एकही गोष्ट आजवर माझ्या कानावर आल्याशिवाय घडलेली नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर छातीठोकपणे सांगतो.

तर आधी बातम्या. ढोलवाला बरा आहे, बँडमध्ये परत वाजवायला लागलाय. घोड्याचं वजन वाढलंय. गाजरं चालूच आहेत, आणि तू नसल्यापासून कुणी त्याच्यावर बसायला तयार नाही. दूधवाला गुडघ्याला पट्टी बांधून फिरतो आणि विचारणाऱ्याला 'युद्धात लागलं' म्हणून सांगतो. आणि तू आता विचारशील, म्हणजे विचारणार नाहीस, पण मनात येईलच म्हणून सांगतो: आठव्या भागाचं शूटिंग तीन दिवसांपूर्वी पुरं झालं. तुझ्याशिवाय. ते कसं झालं ते सांगण्याआधी मला थोडं मागे जाऊ दे, नाहीतर पोटात राहिल्यासारखं होईल.

आठवतं ना, मी या युद्धांच्या भानगडीत पडलो कसा? त्या चॅनेलवाल्या दिग्दर्शक बाई आल्या होत्या खुर्च्या मागायला. सात समुद्र ओलांडून आलेल्या साहेबलोकांच्या मोठमोठ्या फौजा, आणि त्यांनी कुठे डोंगरात, कुठे वाळवंटात, कुठे दलदलीत खाल्लेला मार. दर गुरुवारी एक पराभव, असे आठ. बाई म्हणाल्या, खुर्च्या तर द्याच, पण मरायला माणसं कुठे मिळतील? मी म्हटलं, तीही पुरवतो. आधी खुर्च्या पुरवल्या, मग खुर्च्यांवर बसणारे पुरवले, मग मरणारे. माणसाने धंदा वाढवावा तो असा. चाळीस जण जमवले. सकाळी वीस जण साहेबाची फौज आणि वीस डोंगरातले लोक. जेवण झालं की अदलाबदल, म्हणजे गर्दी दुप्पट दिसते. सकाळी ज्याने गोळी झाडली त्यालाच दुपारी ती लागायची. बिचारे तक्रार करायचे नाहीत. ढोलवाला एवढंच म्हणायचा, "मालक, मी मला मारताना जरा जवळून मारतो, नेम चुकायला नको."

आणि तू आलास तो बटण लावायला. सेनापतीचं काम करायला बाईंनी एक खराखुरा नट आणला होता. तो पडता पडता केस सावरायचा. त्याच्या कोटाचं बटण तुटलं म्हणून मी तुला बोलावलं, आणि तू सुईत दोरा ओवून वाट बघत कडेला उभा राहिलास. बाईंची नजर तुझ्यावर गेली. माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक कपडे न्यायला फिरकलंच नाही, अशा माणसाचा तो तुझा चेहरा! बाई माझ्या कानात म्हणाल्या, "हा माणूस कोण? हा तर युद्ध सुरू व्हायच्या आधीच हरलाय." नटाला गाडीभाडं देऊन परत पाठवलं आणि कोट तुझ्या अंगावर चढला. तलवार द्यायची वेळ आली तेव्हा तुला कुणी काही शिकवलं नव्हतं. तू आधी मुठीवरून बाही फिरवलीस, एखादा धागा चिकटला असेल म्हणून, आणि मग गिऱ्हाइकाला कात्री द्यावी तशी मूठ पुढे करून दिलीस. छत्रीखाली बसलेले इतिहासाचे तज्ज्ञ म्हणाले, बरोबर, त्या काळची लष्करी रीत हीच. तू मला डोळा मारलास. त्या दिवसापासून गल्लीला तुझं नाव आठवत नाही. शाळेतली पोरंसुद्धा 'जनरल, चड्डीची नाडी तुटली' म्हणून येतात.

असे सात आठवडे तू कधी गालमिशा लावून, कधी दाढी लावून, कधी एका डोळ्यावर पट्टी बांधून हरत राहिलास. घोडा एकच. तो पाववाल्याच्या गाडीचा, त्याला चार पावलं टाकून थांबायची सवय; त्यामुळे जगात थांबतथांबत चाल करून जाणारं घोडदळ आपलंच. टीव्हीवरचा तो भरदार आवाज म्हणायचा, "आणि इथेच सेनापतीने घोडचूक केली," आणि तू दुकानात बसून ओरडायचास, "मी नाही रे, घोड्याने केली!" आम्ही पोट धरून हसायचो. घरी मात्र तुझं काय होत होतं ते मला ऐकू येत होतं, आपली भिंत एकच ना. वहिनी काही वाईट बोलायच्या नाहीत. भाजी चिरता चिरता एवढंच म्हणायच्या, "इतक्या वेळा हरूनही तुम्हाला दरवेळी नवी फौज देतं तरी कोण?" नाहीतर, "आज कुठे माती खाल्लीत? तेवढं जेवण कमी वाढते." मग तुझं हसणं यायचं, पण उशिरा. हसणं उशिरा आलं की ते आतून येत नाही, ढकलून बाहेर आणावं लागतं.

आणि मग तो दिवस. आठवा पराभव, शेवटचा. वहिनी पहिल्यांदाच शूटिंग बघायला आल्या, डबा घेऊन. मी त्यांना माझ्या पहिल्या लॉटमधली लाकडी खुर्ची दिली, जी मी कुणाला देत नाही. कागदावर सगळं सरळ होतं: तू टेकडीच्या पायथ्याशी, मागे तुझी फौज, वर दूधवाला, डोंगरातल्या लोकांचा सरदार, ढोलवाल्याने माघारीचा ताल वाजवला की तुझ्या माणसांनी नाल्याकडे पळत सुटायचं आणि तू एकटा उरायचंस. बाईंनी रुमाल हलवला. ढोलवाल्याने वाजवला तो चढाईचा! मला वाटलं, चुकला. मग पाहतो तर तुझे वीसच्या वीस जण टेकडीवर सुटलेले. तू घोड्यावर आ वासून. घोडासुद्धा थांबेना, टेकडीवर दारं नाहीत, थांबणार कुठे? दूधवाल्याने आपल्याच दोस्तांना संगिनी घेऊन, दात काढत वर येताना पाहिलं आणि भाला टाकून पळाला. त्याच्यामागे त्याची सगळी फौज पळाली, दोघांचे तर बूट तिथेच राहिले. बाई "कट, कट" म्हणून घसा फोडतायत, तज्ज्ञ कागद उधळून ओरडतायत, "अहो, असं घडलंच नाही!" आणि तू टेकडीवर, टोपी उडालेली, खाली बघून म्हणालास, "आता घडलं."

वहिनी खुर्चीवरून उठल्या होत्या. टाळ्या वाजवत होत्या. डबा मांडीवरून पडला होता, त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी तुमच्या लग्नालाही होतो, पण त्यांचा तसा चेहरा तेव्हाही बघितला नव्हता. हे मी तुला अजून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिटेक होता आणि तू आला नाहीस. कोट, टोपी आणि तलवार घडी करून, म्हणजे तलवार सोडून बाकीचं घडी करून, पाठवून दिलंस. सोबत निरोप: "बायकोसमोर जिंकलोय. आता हरणार नाही." मी आधी हसलो. मग विनवलं. मग धमकावलं. आठवा भाग अडकला तर पुढच्या मालिकेचं काम हातचं जाईल, चाळीस घरांचा प्रश्न आहे, असं तुझ्या दुकानात उभं राहून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. पुढची मालिका विजयांची आहे, तिच्यात तुला दर आठवड्याला जिंकवतो, अशी लालूचही दाखवली. तू टाचण्या.

शेवटी बाई म्हणाल्या, पळण्याचा भाग घेऊन टाकू, शरणागती नंतर बघू. तुझी माणसं पळाली, पण कशी! मयतीला निघाल्यासारखी. आणि शरणागतीला उभं करायला कुणी मिळेना तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, द्या इकडे, त्यात काय आहे? उभं राहायचं आणि तलवार द्यायची. तुझा कोट तुझ्या मापाचा. माझ्या पोटाने त्याच्याशी तह करायला नकार दिला. पहिल्याच श्वासाला मधलं बटण सुटलं ते थेट दूधवाल्याच्या कपाळावर, आणि तो "मी जखमी झालो" म्हणून खालीच बसला. पुन्हा उभे राहिलो. त्याने तलवार धरली आणि माझी मूठ काही सुटेना. तो ओढतोय, मी धरतोय. बाई म्हणाल्या, "मालक, तुम्ही शरण येताय की भाव करताय?" पुन्हा. या वेळी मी तलवार दिली, पण म्हणे देताना असा हसलो, की उसनी दिल्यासारखी वाटली. पुन्हा. दूधवाला कळवळून म्हणाला, "सोडा ना मालक, मला संध्याकाळचं दूध घालायचंय." मी बाईंना सरळ सांगितलं, बाई, खांद्यावर खुर्च्या वाहून इथवर आलेला माणूस मी, हरणं माझ्या अंगातच नाही. त्या म्हणाल्या, दिसतंय.

मग चहासाठी थांबलो. बटण लावायला तू नव्हतास, म्हणून मी सामानाच्या गाडीमागे जाऊन कोटाला सेफ्टी पिन टोचत बसलो. परत आलो, उभा राहिलो, आणि पहिल्या फटक्यात जमलं. मी मुठीवरून बाही फिरवली, मूठ पुढे केली, आणि दूधवाल्याने ओढायच्या आत सोडली. बाईंनी चष्मा काढून पुसला. दूधवाला हळूच म्हणाला, "मालक, बरं वाटत नाहीये का?" लोकांना वाटलं, मी तुझी नक्कल केली. नक्कल नव्हती रे ती.

गाडीमागे पिन टोचताना पलीकडून चॅनेलचा माणूस फोनवर बोलत होता. पुढच्या मालिकेला माणसं नकोत म्हणाला. एक माणूस उभा करायचा, कॉम्प्युटरवर त्याचे दहा हजार करायचे. त्या खुर्चीवाल्याचं काय, असं पलीकडच्याने विचारलं असावं, कारण हा म्हणाला, त्याला कळवू सावकाश. दहा हजार माणसं, जनरल, आणि त्यातल्या एकालाही गाजर लागत नाही! म्हणजे मी तुझ्या दुकानात उभा राहून ज्या कामासाठी आरडाओरडा केला ते काम तेव्हाही नव्हतंच. दोन दिवस मी हे मनात घेऊन हिंडलो. चाळीस जणांना सांगायचं कसं? काल हिंमत करून ढोलवाल्याकडे गेलो, पाण्याचा पेला हातात घेतला आणि सांगितलं. त्याने ढोलाची दोरी ताणता ताणता मान वर केली आणि म्हणाला, "हे होय? मालक, हे आम्हाला त्या लढाईच्या आधीपासून ठाऊक आहे." चॅनेलची पोरं तुझ्या दुकानात येऊन गणवेशांचे चारी बाजूंनी फोटो काढून गेली, पुढच्या वेळी एकच लागेल म्हणाली, तेव्हाच तुला कळलं होतं. तू सगळ्यांना बजावलंस, "त्याला सांगू नका. त्याला हरता येत नाही. एवढी मालिका त्याला ऐटीत पुरी करू दे." आणि शेवटचीच लढाई आहे तर एकदा वहिनींसमोर जिंकून घेऊ, हे मात्र तुला न सांगता त्यांनी ठरवलं. टाचण्या तू रागाने तोंडात धरत नव्हतास तर. तोंड उघडलं असतंस तर सांगून बसला असतास. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. परत ये म्हणायला नव्हे, परत यायला आता काही उरलेलं नाही. रविवारी सकाळी सगळ्यांना गोदामात बोलावलंय. बऱ्याच वर्षांनी खुर्च्या मी स्वतःच्या हाताने मांडणार आहे. त्यांना ठाऊक असलं तरी मालकाने आपल्या तोंडाने सांगावं लागतं, आणि माझ्याच्याने ते एकट्याने व्हायचं नाही. तू शेजारी उभा राहा. वहिनींनाही आण, ती लाकडी खुर्ची त्यांची. काय बोलायचं ते माझं मी बघेन, पण बोलून झाल्यावर माणसाने उभं कसं राहायचं ते मला येत नाही. घरी निघताना ढोलवाल्याला विचारलं, अजून कुणाकुणाला माहीत होतं? तो म्हणाला, सगळ्यांना. चाळीसच्या चाळीस जणांना, त्यांच्या बायकांना, पाववाल्याला. मी ज्याच्या बाकावर बसून रोज सकाळी गावाच्या बातम्या गावाला सांगतो, त्या चहावाल्याला तर काम बंद होण्याची तारीखही माहीत होती.

तुझाच,
खुर्चीवाला